काट्यावर थांबणारा मिल्कशेक

आत्या खोकत नव्हत्या, आणि वहिनीला नेमकी तीच काळजी खात होती.

एरवी घरातलं माणूस खोकलं की वहिनी औषधांचा डबा उघडायची. लेक शाळेत असताना दोन खोकल्यांमागे एक डॉक्टर असं प्रमाण ठरलेलं होतं. आत्यांच्या बाबतीत मात्र गाडं उलटं फिरलं होतं. दवाखान्यातल्या ज्या बाई आत्यांना पुन्हा गिळायला शिकवत होत्या, त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "खोकला आला तर घाबरू नका. खोकला म्हणजे दारावरचा राखणदार. घास चुकून श्वासनलिकेकडे वळला की तो ओरडतो. घाबरायचं ते तो ओरडेनासा झाल्यावर."

पहिले दोन महिने राखणदारानं घर डोक्यावर घेतलं होतं. चमचाभर पाणी दिलं तरी आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकायच्या. गेले बारा दिवस मात्र सगळं चिडीचूप. घरात आनंदीआनंद होता. "सुधारतेय ताई," असं म्हणून नवरा निर्धास्तपणे आठवडाभराच्या दौऱ्यावर निघून गेला. लेक म्हणाली, "आई, त्या खोकल्या तरी काळजी, नाही खोकल्या तरी काळजी. तुझं दुकान चोवीस तास उघडं." वहिनी हसली. दुकान काही बंद झालं नाही.

आत्या म्हणजे वहिनीची थोरली नणंद. लेकीचं ऐकून सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणू लागली होती. वहिनी तेवढी तोंडावर ‘वन्सं’ म्हणायची. वयानं पंधरा वर्षांनी मोठ्या असूनही आत्या तिला ‘अगं वहिनी’ अशी हाक मारत. त्यातल्या ‘अगं’मध्ये दटावणी असे आणि ‘वहिनी’मध्ये मान, त्यामुळे कुणाचंच पारडं फार खाली जात नसे.

आत्यांचा आवाज शहरातल्या झाडून सगळ्यांनी ऐकलेला होता, चेहरा मात्र फारच थोड्यांनी पाहिलेला. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर घोषणा केल्या. चौकशीच्या खिडकीच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की काचेची एक खोली होती. खोली कसली, उभं कपाटच ते. एक टेबल, एक खुर्ची, गाड्यांच्या वेळांचा तक्ता, आणि माईक. माईकला आत्यांनी स्वतः शिवलेली जाड कापडाची टोपी होती. बदलीवर येणारी माणसं बोलण्याआधी माईकवर टकटक करून बघत, ते आत्यांना मुळीच खपत नसे. "लोकांच्या कानात बोट घालून मग नमस्कार करायचा, ही कुठली रीत?" असं त्या म्हणत.

त्यांचा आवाज गोड नव्हता. वहिनीला लग्नाआधी वाटायचं की अशा बाईंचा आवाज मधासारखा असणार. प्रत्यक्षात तो इस्त्री केलेल्या चादरीसारखा होता, सुरकुती नसलेला आणि कडक. गाडी चार तास उशिरा येणार हेही त्या असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ठीक आहे, निदान कुणाला तरी माहीत आहे. बघायला आलेल्या एका मुलानं म्हणे त्यांना विचारलं होतं, "तुम्ही घरीही असंच बोलता?" आत्या म्हणाल्या, "हो. आणि एकदाच सांगते." ते स्थळ तिथंच उतरलं. पुढे आत्यांनी लग्नाचा विषयच मागे ठेवला, आणि त्याबद्दल कधी सुस्कारा टाकला नाही.

घरात सगळ्यांना पाठ असलेला त्यांचा एक किस्सा होता. एकदा एक वयस्कर गृहस्थ धापा टाकत वर आले. बायकोशी फलाट सातवरच कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ती पिशवी घेऊन गर्दीत दिसेनाशी झाली होती. "सांगा तिला, मी रागावलेलो नाही," असं म्हणत ते हात जोडून उभे राहिले. खाजगी निरोप द्यायला बंदी होती. आत्यांनी क्षणभर विचार केला, आणि त्याच कडक आवाजात सगळ्या स्थानकाला कळवलं, "फलाट क्रमांक सातवरच्या गृहस्थांचा राग उतरला आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित बाई दोन मिनिटांत सातवर हजर झाल्या. आत्यांना साहेबांचं पत्र आलं, खुलासा करा म्हणून. त्यांनी एका ओळीत खुलासा केला: ‘प्रवासी हरवले होते, सापडले.’

हा आवाज जपायला आत्यांनी जे सोसलं, ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळी कोमट पाणी. दूध नाही, कारण आवाजावर साय धरते. शेंगदाणे नाहीत, घसा खवखवतो. आइस्क्रीम तर दारातही नको. लेकीच्या वाढदिवसाला सगळे वाट्या चाटत बसत, आणि आत्या सुंठेचा तुकडा गालात धरून सगळ्यांना वाढत. वहिनी आग्रह करी, तर म्हणत, "मला नाहीच आवडत." वहिनी ते खरं मानायची. माणूस वीस वर्षं एकच गोष्ट ठामपणे सांगत असेल, तर कोण कशाला खोदून विचारतं?

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, कपडे वाळत घालताना, आत्यांच्या हातातून चिमटा पडला आणि त्यांना तो उचलता येईना. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. हात महिनाभरात बऱ्यापैकी परतला. जीभ जड झाली. शब्द येत, पण एकेक करून, धक्का मारून चालू केलेल्या गाडीसारखे. गिळणं मात्र पार बिघडलं. पाणी, चहा, वरणाचं पाणी, जे जे पातळ ते ते वाट चुकू लागलं.

मग त्या गिळण्याच्या बाई आल्या. घरात त्यांना हेच नाव पडलं. त्यांनी सांगितलं की पातळ काही द्यायचं नाही, जे द्यायचं ते घट्ट करून, चमच्यानं, बसवून, हनुवटी खाली घेऊन. घट्ट म्हणजे किती, याची त्यांनी एक खूणही दिली: काट्याचा चमचा घ्यायचा, त्यावर पदार्थ घालायचा. फटींतून धार लागली तर नापास. वर ढीग करून थांबला, खाली जेमतेम लोंबला, तर पास. प्रत्येक घोटानंतर ‘आ’ म्हणायला लावायचं. आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा आला, तर थांबायचं. "आणि नवीन काही द्यायचं असेल तर आधी मला विचारा," असं म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर लिहून दिला. "सुट्टीचा दिवस असला तरी करा."

पाणी घट्ट करायची एक पावडर मिळाली. आत्यांनी पहिला चमचा घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खळ आहे ही," त्या म्हणाल्या. "भिंतीवर... जाहिराती लावतात ती."

"वन्सं, औषध समजून घ्या."

"जाहिरात... तूच लाव."

त्या जेवेनाशा झाल्या. सगळं वाटून, गाळून, एकाच रंगाचं समोर येई, आणि आत्या तीन चमच्यांत मान फिरवत. दवाखान्यातून आल्या तेव्हा पंचेचाळीस किलो होत्या. चाळीसच्या वर सव्वा उरला तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "चाळीसच्या खाली गेल्या तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. आपण मंगळवारी मंगळवारी वजन बघत राहू."

त्या दिवशी घरी आल्यावर, चपला काढता काढता आत्या म्हणाल्या, "नळी नको."

"तशी वेळच नाही येणार."

"अगं वहिनी." दटावणीच जास्त होती. "ह्या घशातून... एकतीस वर्षं... गाड्या सोडल्या. आता पाइप... नाही जाणार."

मिल्कशेक लेकीनं सुचवला. कॉलेजमधून येताना ती पीनट बटर घातलेला घट्ट मिल्कशेक पिऊन आली होती, आणि चमचा त्यात उभा राहतो म्हणून कौतुक सांगत होती. वहिनीनं भांडं घासता घासता मागे पाहिलं, तर आत्यांचे डोळे लेकीवर खिळलेले. असे डोळे वहिनीनं दोन महिन्यांत पाहिले नव्हते.

"स्थानकासमोर... दुकान होतं," आत्या म्हणाल्या. "तो ग्लास... उलटा करून दाखवायचा. थेंब... पडायचा नाही."

"तुम्ही प्यायलात कधी?" लेकीनं विचारलं.

"काचेतून... रोज."

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. म्हणजे आवडत नाही म्हणून नव्हे, तर आवडतं म्हणूनच ही बाई एकतीस वर्षं दुसरीकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं शेंगदाणे मंद आचेवर भाजले, फडक्यात चोळून सालं काढली, सुपानं पाखडली आणि मिक्सर लावला. आधी कूट झालं. मग कुटाचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटून बसला, आणि पाती रिकामीच फिरू लागली. इथं बहुतेक माणसं तेल ओततात. वहिनीनं धीर धरला. मोटर गार होऊ दिली, चमच्यानं कडा खरवडल्या, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबली. चौथ्या खेपेला दाण्यांनी आपलं तेल सोडलं आणि गोळा विरघळून चकाकत वाहू लागला. त्यातले तीन मोठे चमचे, एक केळं, अर्धा कप साईसकट दूध आणि व्हॅनिला आइस्क्रीमचे चार गोळे. एकदा फिरवून गाळणीतून घासून काढलं, कण राहायला नको म्हणून. काट्यावर ओतून पाहिलं. ढीग झाला, थांबला, एक थेंब लोंबला तो लोंबतच राहिला. अगदी पहिल्या नंबरानं पास.

नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. वहिनीनं त्याकडे पाहिलं. जिनं लेकीच्या सहलीला बसची चाकं नीट आहेत ना हे विचारायला शाळेत तीनदा फोन केला होता, तिनं त्या दिवशी फोन केला नाही. बाई नाही म्हणाल्या तर काय, एवढंच मनात आलं. आणि काटा तर हो म्हणत होता.

"काय हे?" आत्यांनी विचारलं.

"मिल्कशेक. शेंगदाण्याचा."

आत्या ग्लासाकडे बघत राहिल्या. "आवाज... बसतो त्यानं."

"वन्सं, आता कुणाला ऐकवायचाय?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

आत्यांचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा जमेल तेवढा मागून आला. "खरंच की," त्या म्हणाल्या. "आण."

पहिला चमचा त्यांनी तोंडात नुसता धरून ठेवला. डोळे मिटले. वहिनी मनात आकडे मोजत होती. दहा, बारा, पंधरा. मग गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. "आ म्हणा." आत्यांनी थोडं थांबून ‘आ’ म्हटलं. स्वच्छ. बर्फाच्या वाडग्यात ठेवलेला अर्धा ग्लास संपायला पाऊण तास लागला, पण संपला. खोकला एकदाही नाही. शेवटी आत्यांनी मान डावीकडे वळवली आणि तळहात समोर धरला, म्हणजे पुरे. वहिनीनं ग्लास उचलला, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून जराशी रडून घेतली.

त्यानंतर रोज दोनदा. शनिवारी घरच्या वजनकाट्यावर एक्केचाळीस किलो सहाशे. मंगळवारी दवाखान्यात बेचाळीस शंभर. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" गिळण्याच्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. वहिनीला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं का वाटलं याची लगेच काळजी वाटू लागली.

रविवारी दुपारी तिनं ग्लास भरला. आत्यांचा खुर्चीत डोळा लागला होता, म्हणून ग्लास बर्फाविनाच तिथं टेबलावर ठेवला. तेवढ्यात वाचनालयातून लेकीचा फोन आला, निळ्या वहीतल्या एका पानाचा फोटो हवा होता. निळ्या वह्या तीन निघाल्या. वही, पान आणि फोटो यात वीसेक मिनिटं गेली. परत येऊन बघते तर ग्लासात वर फेस आणि खाली दूध. चांगलं, तपकिरी, शेंगदाण्याच्या वासाचं, पण दूध.

वहिनीनं काटा आणला. ओतलं. सगळ्या फटींतून धार सरळ बशीत.

मग ती स्वयंपाकघरात गेली, आइस्क्रीम घालून पुन्हा ताजा कपभर बनवला, काट्यावर पाहिला. पास. त्यातला एक चमचा तिनं स्वतःच्या तोंडात घेतला आणि आत्या धरतात तसा धरून ठेवला. एक, दोन, तीन. पाचाला कडा सुटल्या. दहाला जिभेवर थंड पाणी फिरू लागलं. पंधराला तोंडात घट्ट असं काही नव्हतंच. थंडीनं धरून ठेवलेलं ते सगळं उष्णतेनं सोडून दिलं होतं. काटा ओट्यावर परीक्षा घेत होता. गिळायचं होतं तोंडात. बारा दिवस, दिवसातून दोनदा, ज्याला बाईंनी सक्त मनाई केली होती तेच ती आत्यांना प्रेमानं भरवत होती.

मग त्या खोकल्या कशा नाहीत?

दारातून आत्या दिसत होत्या. सकाळच्या घोटानंतर त्यांनी केलेली खूण वहिनीच्या डोळ्यांसमोर आली. मान डावीकडे, तळहात पुढे. पुरे. पण सकाळी त्यांनी ती ग्लास संपल्यावर नव्हती केली. मधेच केली होती, तीनदा. आणि प्रत्येक वेळी खांदे किंचित वर जाऊन पोट आत ओढलं गेलं होतं.

ही खूण तिनं पाहिलेली होती, चोवीस वर्षांपूर्वी. नवी नवरी असताना ती डबा द्यायला स्थानकावर गेली होती आणि त्या काचेच्या खोलीत तासभर स्टुलावर बसली होती. आत्यांना तेव्हा सडकून सर्दी झालेली. घोषणेच्या मधोमध खोकला येई. आत्या मान डावीकडे वळवत, तळहातानं माईक झाकत, पोट आत ओढून तो खोकला गिळून टाकत, आणि पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या सुरातच येई. खाली फलाटावर कुणाला पत्ताही लागत नसे. "एकतीस वर्षांत एकदाही माईकवर खोकले नाही," हे निरोप समारंभात आत्यांनी स्वतः सांगितलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वहिनीनंही.

आत्या जाग्या झाल्या होत्या. वहिनी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"वन्सं, खोकला दाबता ना तुम्ही?"

आत्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"सवय," त्या म्हणाल्या.

"सवय, की मुद्दाम?"

"आधी सवय. मग... मुद्दाम."

"का पण?"

"बंद... केलं असतंस."

वहिनीला रागवायचं होतं, पण राग कुणावर काढायचा ते ठरेना. समोरच्या बाईनं लपवलं होतं हे खरं. पण तिनं स्वतःही त्या फ्रिजवरच्या नंबराकडे रोज दोनदा पाठ फिरवली होती. दोघींनी मिळून एकच चोरी केली होती, आणि दोघींना वाटत होतं की ती आपण एकट्यानंच केली.

"सगळ्या घोटांना येतो?"

"नाही. चार-पाचांना... येतो."

"ताप काल संध्याकाळी नव्व्याण्णव सात होता. परवाही. मी म्हटलं उकाड्यानं असेल." वहिनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. श्वास घेताना आत, खोलवर, बारीकशी खरखर हाताला लागत होती. की तसं तिला वाटत होतं? तिला तर नेहमीच काही ना काही लागत असतं, म्हणूनच स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायची चोरी.

"काही... होत नाही," आत्या म्हणाल्या.

वहिनी उठली. हातांना काम दिलं की डोकं ताळ्यावर येतं, हा तिचा जुना अनुभव. तिनं ओट्स मऊ शिजवून गार केले, दोन पिकलेली केळी घेतली, पीनट बटरचे तीन चमचे, आणि दूध अगदी पाती फिरण्यापुरतं. आइस्क्रीम नाही, बर्फ नाही. फिरवलं, गाळणीतून घासलं, काट्यावर घातलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी ढीग होता तिथंच होता. एक चमचा तोंडात धरून तिनं तीसपर्यंत आकडे मोजले. तसाच्या तसा. गार नव्हता, दुकानासारखा तर मुळीच नव्हता, पण शेंगदाण्याची भाजकी चव उलट जास्तच खुलली होती.

ग्लास बघून आत्यांनी हात पुढे केला. वहिनीनं तो लांब, टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला.

"हा वितळत नाही. मी बघितला."

"मग आण की."

"आधी बाईंना विचारते."

आत्यांचा हात खाली आला. "सापडली ना... चूक? सुधारली ना? मग... कशाला सांगायचं?"

हाच प्रश्न वहिनी गेली वीस मिनिटं घड्याळाकडे बघत स्वतःला विचारत होती. नवा शेक बरा होता. वजन चढत होतं. परवा मंगळवार. कुणाला काही न सांगता सगळं सुरळीत होऊ शकलं असतं; दौऱ्यावरच्या नवऱ्याला कळलं नसतं, डॉक्टरांनी पुन्हा जादू म्हटली असती. आणि बारा दिवसांचं जे छातीत उतरलं असेल, ते तिथं गुपचूप बसून राहिलं असतं. किंवा बसलं नसतं.

"वन्सं, पुढचं सुधारलं," ती म्हणाली. "मागचं आत गेलंय, त्याचं काय?"

"त्या नळी... घालतील."

"घालतीलही." हे म्हणताना तिचा आवाज कापला, पण तिनं ते लपवलं नाही. "मी नको म्हणून भांडेन. हा ग्लास नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवेन. काटा पण नेईन. पण लपवून नाही भांडता येणार मला. तुम्ही दाबलेला खोकला आणि मी दाबलेला फोन, दोन्ही एकदमच बाहेर काढावे लागतील."

आत्यांनी तोंड फिरवलं. वहिनीला वाटलं, झालं, आता ह्या आठवडाभर बोलणार नाहीत. तिनं नंबराचा कागद फ्रिजवरून काढून आणला. मागच्या खोलीत जाऊन बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण ती पुन्हा स्टुलावरच बसली, आत्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. काय बोलायचं ते मनात जुळवू लागली. ‘बाई, रविवारी त्रास देतेय.’ नको. ‘एक छोटीशी शंका होती.’ छोटीशी नव्हती. ‘बाई, मी तुम्हाला न विचारता बारा दिवस एक गोष्ट दिली.’ हे बरोबर होतं. हे म्हणायला जड जात होतं, म्हणजे बरोबरच असणार.

"अगं," आत्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"हं?"

"ताप... दोन दिवस नाही. तीन. गुरुवारी... मी थर्मामीटर... लवकर काढला."

वहिनीनं डोळे मिटून घेतले, उघडले. "बरं. तेही सांगते."

"आणि वजन... आधी सांग. बेचाळीस शंभर. मग बाकीचं."

"वजन आधी सांगते," वहिनी म्हणाली, आणि तिनं नंबर लावला.